मेंढा, पुढचा भाग

मित्रांनो, मी मातीचा एक मेंढा आहे. जुना तर आहेच, पण पूर्ण नाही. डोके, दोन शिंगे, गळा, पुढचे दोन पाय आणि पोटाचा थोडासा भाग, एवढाच मी. त्यामागे काही नाही. एखाद्याला लोक म्हणतात ना, की याला आगा ना पिछा? तर मला आगा आहे, पिछा नाही. उभे राहायचे तर मला कशाला तरी टेकावे लागते. तरी माझी ऐट कमी झालेली नाही. डोके पुढे काढून उभे राहणे मेंढ्याच्या रक्तातच असते. माझ्यात रक्त नाही, पण मातीत ते उतरले असावे.

मला एका आईने घडवले. ती मडकी करायची. तिची दोन मुले, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, सकाळपासून तिचे डोके खात बसली होती. शेवटी कंटाळून तिने उरलेला मातीचा गोळा उचलला आणि मला केले. दोन चिमट्यांत शिंगे आली. काडी टोचून डोळे झाले, काडीनेच चीर देऊन उघडे तोंड झाले. मग मला उलटे धरून ती माझे पोट गुळगुळीत करत होती, तेवढ्यात कुणीतरी बाहेरून हाक मारली. ती वळली आणि तिच्या अंगठ्याचे नख माझ्या ओल्या पोटात रुतले. बारीक चंद्रकोरीसारखी खूण उमटली. पुसायची ती तशीच राहिली. मला भट्टीत जागा मिळाली तीही अगदी कडेला, मोठ्या मडक्यांच्या मागे. म्हणून मी जरा कच्चाच भाजला गेलो. एवढे लक्षात ठेवा, पुढे ते आठवावे लागेल.

दोन मुलांत एक मेंढा म्हटल्यावर जे व्हायचे ते झाले. एकाने शिंगे धरली, दुसरीने मागचे पाय. मी मधोमध मोडलो, नेमका त्या नखाच्या खुणेवर. आईने दोघांना धपाटे घातले आणि मग वाटणीही करून दिली. भावाला तोंड, बहिणीला शेपूट. बहीण म्हणाली, पळायला मागचे पायच लागतात, तेव्हा चांगला भाग मलाच मिळाला. ती मोठी झाली आणि नदीपलीकडे राहायला गेली. जाताना माझा मागचा भाग तिने नेला. मी अलीकडे, कोनाड्यात राहिलो. तेव्हा मला वाटले होते, येईल कधीतरी भेटायला. मग ते घर पडले, त्यावर माती आली, मातीवर गवत आले, गवतावर शेत आले. किती काळ गेला ते विचारू नका. मातीखाली दिवस मोजायला काही नसते.

एका नांगरटीत मी वर आलो. पहिल्यांदा दिसले ते एका माणसाचे गुडघे. तो वाकून बसला होता आणि ढेकळांतून बोटे फिरवत होता. तो किल्ल्या बनवणारा होता. पुलाजवळच्या रस्त्यावर त्याचे एक खिडकीएवढे दुकान होते, आणि सारे त्याला किल्लीकाका म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याच्यासारखीच छंदिष्ट मंडळी शेतमालकांची परवानगी काढून नांगरलेल्या रानातून फिरत. खापर, मणी, तुटकी दिवली, जे दिसेल ते टिपून ठेवत. तिथला नियम असा होता, की अशी किरकोळ वस्तू ज्याला सापडली त्याच्याकडे राहू द्यायची, पण तिची नोंद मात्र या छंदिष्टांच्या मंडळाकडे द्यायची.

काकांनी मला पाण्याने धुतले नाही. कोरड्या कुंचल्याने हळूहळू झाडले. मग उलटे केले आणि ती खूण पाहिली. तुटलेल्या कडेपाशी येऊन ती अर्ध्यातच संपत होती. त्यांनी आपल्या अंगठ्याचे नख तिच्यात ठेवून पाहिले. ते बरोबर बसले. एवढ्या काळानंतर कुणीतरी माझ्या पोटाला तिथे हात लावला होता. मित्रांनो, मला रडता आले असते तर मी तेव्हाच रडलो असतो.

घरी येऊन त्यांनी मला काकूंच्या पुढे धरले आणि म्हणाले, "याचा जोडीदार कुठंतरी आहे बघ."

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माणसांची कुलपं उघडून झाली. आता मेंढ्यांच्या सोयरिकी जमवा."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच एका बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून माझी गादी केली. काकूंचे बोलणे आणि करणे यांचा असा फारसा संबंध नसे.

मंडळाच्या नोंदी एका दातांच्या डॉक्टरीणबाई ठेवायच्या, आपल्याच दवाखान्यातल्या संगणकावर. फोटोसाठी माझ्यावर त्यांनी दात तपासायचा दिवा सोडला, आणि सवयीने "आ करा" असेही म्हणाल्या. मग एकेक रकाना भरत गेल्या. वस्तू: मेंढा, पुढचा भाग. कशाची: भाजलेली माती. कुठे सापडली, कुणाला सापडली. सगळ्यात शेवटचा रकाना होता शेरा. मंडळातल्या लोकांचा जीव या शेवटच्या रकान्यात असे. वरच्या रकान्यांत न मावणारे सगळे ते तिथे घालत. कुणी लिहायचे, वस्तू धाकट्या मुलीला सापडली पण ती नाव लावू देत नाही. कुणी लिहायचे, हाच रंग पलीकडच्या बांधावरच्या खापराला आहे, कृपया पाहावे. काकांनी माझ्यापुढे लिहायला सांगितले: "पोटावर नखाची खूण आहे, अर्धी. उरलेली अर्धी मागच्या भागावर असणार. तो कुणाला सापडला तर कृपया कळवावे. मी रोज दुकानात असतो."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे. मी दुकानात फळीवर, तेलाच्या बाटलीला टेकून उभा असे. खाली कानस चाले, कोऱ्या किल्लीला दात फुटत, आणि गिऱ्हाईक थांबले असेल तोवर काका माझी गोष्ट सांगत. कुलपाचे काम दोन मिनिटांचे आणि माझी गोष्ट पाव तासाची, त्यामुळे घाईतली माणसे जरा वैतागत. मुले मात्र किल्ली तयार झाली तरी हलत नसत. मंडळाने एका शाळेत प्रदर्शन भरवले तेव्हा मला मधल्या टेबलावर जागा मिळाली. एका मुलीने विचारले की याची शेपूट कुठे आहे. काका म्हणाले, वाटेत आहे, येतेय. मी इतका फुगलो की शिंगे जड वाटू लागली.

शेपूट मात्र येत नव्हती. आमच्या काठावरच्या नोंदी काकांनी डॉक्टरीणबाईंकडे बसून पुन्हा पुन्हा पाहिल्या. तिथे काही नव्हते. नदीपलीकडे मात्र मोठे संग्रहालय होते आणि त्याचा आपला वेगळा डेटाबेस होता, म्हणजे नोंदींचे वेगळे कपाट. पलीकडच्या काठावर छंदिष्टांना जे सापडे ते तिथे लिहिले जाई. त्यांचे आम्हाला दिसत नसे, आमचे त्यांना दिसत नसे. पुलावरून माणसे, सायकली, भाजीचे हारे सगळे ये-जा करत. नोंदी तेवढ्या आपापल्या काठावर बसून होत्या.

आणि एक दिवस ठरले, की आमच्या मंडळाच्या सगळ्या नोंदी संग्रहालयाला द्यायच्या आणि तिथे दोन्हीकडचे एकत्र करायचे. कारणही तेच, की एका वस्तूचे तुकडे दोन काठांवर असतील तर ते एकमेकांना सापडावेत. काका त्या दिवशी किल्ल्या कापताना गुणगुणत होते. काकूंनी विचारले, कुणाचे लग्न ठरले की काय. ते म्हणाले, ठरल्यातच जमा आहे.

नोंदी न्यायला संग्रहालयाचे अधिकारी स्वतः दवाखान्यात आले. मला नवीन फोटोसाठी काकांनी आदल्या दिवशी तिथेच ठेवले होते, म्हणून पुढचे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले. अधिकारी सज्जन गृहस्थ होते. पायपुसण्याला बूट पुसून आत आले, खुर्ची ओढताना आवाज होऊ दिला नाही. डॉक्टरीणबाई त्यांना एकेक रकाना दाखवत गेल्या. हा वस्तूचा, हा जागेचा, हा सापडणाऱ्याचा. ते मान हलवत गेले. शेजारच्या खुर्चीवर एक रोगी तोंडात कापसाचे बोळे घालून आ करून बसला होता आणि बाईंचे अर्धे लक्ष त्याच्याकडे होते.

"आणि हा शेवटचा, शेरा," बाई म्हणाल्या. "हाही पाठवायचा ना?"

अधिकारी थबकले. आता पाहा मित्रांनो, एका शब्दाने काय होते. सारा जन्म त्यांनी कचेरीत काढला होता. तिथे शेरा म्हणजे वरिष्ठांनी लाल शाईने मारलेला ताशेरा. हा कामचुकार, त्याचे अक्षर वाईट, अमक्याची बदली करावी. त्यांना वाटले, या मंडळींनीही एकमेकांवर असेच काही लिहून ठेवले असणार. दुसऱ्यांच्या घरातली भांडणे आपण कशाला उचलून न्यायची?

ते हळू आवाजात म्हणाले, "शेरे नकोत हो, बाई. ते तुमचं तुमच्याकडेच राहू द्या. उगाच कुणाचं मन दुखावायचं."

बाईंना ते नीट कळले नाही. त्यांना वाटले, संग्रहालयाचा असाच काही नियम असेल. विचारणारही होत्या, पण रोग्याने घशातून आवाज काढला, आणि त्यांनी त्या रकान्यापुढची खूण काढून टाकून एक कळ दाबली. सगळ्या नोंदी नदीपलीकडे गेल्या. शेरे अलीकडे राहिले.

त्या खोलीत दोन तोंडे उघडी होती, रोग्याचे आणि माझे. दोघांनाही बोलता येत नव्हते. त्याचे कापसाने भरलेले होते आणि माझे भाजलेले होते. मी मनात ओरडत होतो, की अहो, थांबा, माझे पोट त्या रकान्यात आहे. मेंढा म्हणून जन्मलो त्याचा राग मला तेवढा एकदाच आला.

पलीकडे काय झाले ते मला पुष्कळ उशिरा कळले, पण तुम्हाला आताच सांगतो. माझा मागचा भाग कधीचाच सापडला होता. तिकडे एक बाई रोपवाटिका चालवत. कलमांसाठी खड्डे खणताना त्यांना तो मिळाला आणि त्यांनी रीतसर नोंद केली होती. "प्राण्याचा मागचा भाग, बहुधा बैल. तुटलेल्या कडेला नखासारखी अर्धी खूण." डोके नसले की मेंढ्याचा बैल व्हायला वेळ लागत नाही. नोंदी एकत्र झाल्याचे कळताच त्या मोठ्या आशेने संग्रहालयात गेल्या. अधिकाऱ्यांनी त्यांच्यासमोर शोधून पाहिले. बैलाचा पुढचा भाग: नाही. नखाची खूण: दुसऱ्या एकाही नोंदीत नाही. माझी नोंद तिथेच होती, त्याच कपाटात. वस्तू, माती, जागा, नाव, आणि त्यापुढे काही नाही.

अधिकारी त्यांना म्हणाले, "तुमच्या तुकड्याला जोड नाही."

बाईंनी तो घरी नेला. काही दिवस खिडकीत ठेवला. मग एका मोठ्या कुंडीत लिंबाचे रोप लावताना तळाच्या भोकावर ठेवायला खापर हवे होते. त्यांनी मनाशी म्हटले, कुठेतरी ठेवायचाच, तर मुळांपाशी राहू दे, निदान उपयोगी पडेल. कड वाकडीतिकडी होती, भोकावर नीट बसेना. म्हणून त्यांनी ती दगडावर घासून सपाट केली.

इकडे काका रोज वाट पाहत होते. दुकानासमोर कुणी थांबले की त्यांची मान वर होई. कुलूप बिघडले आहे असे ऐकले की पुन्हा खाली जाई. डॉक्टरीणबाईंना ते विचारत, काही आले का. त्या म्हणत, तिकडे सगळे पाठवले आहे काका, असते तर आले असते. त्यांना तसेच वाटत होते. माणूस कशाची तरी वाट पाहत असला की लवकर म्हातारा होत नाही म्हणतात, पण काका झाले. आधी हात थरथरू लागले. किल्लीचा दात कणभर जास्त कापला गेला तर ती किल्ली वाया जाते. तशा वाया गेलेल्या किल्ल्यांचा ढीग वाढला तेव्हा त्यांनी दुकान बंद केले. मला खिशात घालून घरी आणले. "मी रोज दुकानात असतो," असे लिहिले होते ना, त्याची त्यांना टोचणी लागली होती. कुणी आले आणि दुकान बंद दिसले तर? काकूंनी एका पुठ्ठ्यावर घरचा पत्ता लिहून दुकानाच्या फळीला अडकवला. थट्टा केली नाही. त्यावरून मला समजले की दुखणे मोठे आहे.

मग ते अंथरुणाला खिळले. मी उशाजवळच्या स्टुलावर, औषधाच्या बाटलीला टेकून. बाटल्या बदलल्या, टेकणे तेच. अधूनमधून ते मला हातात घेत आणि अंगठ्याचे नख त्या अर्ध्या खुणेत ठेवत. थरथरणारे बोट तिथे मात्र स्थिर राही. एका दुपारी त्यांनी काकूंना जवळ बोलावले.

"त्याचा मागचा भाग आला तर जोर लावू नको हं," ते म्हणाले. "नुसता शेजारी ठेव. बरोबरचा असला की आपोआप बसतो."

काकू म्हणाल्या, "तुम्हीच बसवा की."

ते हसले आणि मला काकूंच्या हातात दिले. त्यानंतर त्यांनी मला घेतले नाही. दोन दिवसांनी ती खाट रिकामी झाली. मी तेव्हाही तिथेच होतो. मला त्यांच्याकडे पाहत राहण्यावाचून काही करता आले नाही.

भेटायला डॉक्टरीणबाई आल्या. काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग काकूंनी सहज विचारावे तसे विचारले, "त्यांनी त्या नखाचं लिहून दिलं होतं, ते तिकडे पोचलं होतं ना?"

बाई हो म्हणायला गेल्या आणि त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना तो रोगी आठवला, ते अधिकारी आठवले, ती कळ आठवली. चहा तसाच टाकून त्या दवाखान्यात गेल्या. सगळ्यांचे शेरे जिथल्या तिथे होते. काकांचाही होता. त्यांनी अधिकाऱ्यांना फोन केला आणि एकेक शेरा वाचून दाखवू लागल्या. बाईंनी नंतर काकूंना सांगितले, की माझा शेरा वाचला तेव्हा पलीकडून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग अधिकारी एवढेच म्हणाले, "मला वाटलं, भांडणं असतील."

आठवडा संपायच्या आत दारात एक बाई उभी राहिली. अधिकाऱ्यांचा निरोप मिळाल्यावर पुठ्ठ्यावरचा पत्ता वाचत आली होती. तिच्या नखांत माती होती आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. लिंबाचे झाड काढून, कुंडी फोडून ते आणले होते. तिने फडके सोडले. मित्रांनो, मला माझी शेपूट दिसली. केवढीशी होती. मला ती फार मोठी आठवत होती.

काकूंनी मला आणले. दोघींनी आम्हाला टेबलावर ठेवले. काकूंनी जोर लावला नाही, नुसते हळूच सरकवले. आम्ही एकमेकांना लागलो आणि बसलो नाही. मागच्या भागाची कड घासून सपाट झालेली होती. रोजच्या पाण्याने उरलेली मातीही विरघळली होती, कारण तो माझ्यासारखाच कच्चा भाजलेला. त्याच्या वाट्याची अर्धी खूण आता कुठेच नव्हती. काकूंनी त्याला उलटे केले, खिडकीपाशी नेले, बोटाने चाचपले.

"इथंच होती," ती बाई म्हणाली. "मीच घासली. मला सांगितलं होतं, जोड नाही म्हणून."

काकूंनी तो तुकडा परत माझ्याशेजारी ठेवला. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि तिला बसवले. काकांच्या खुर्चीत. मग त्या म्हणाल्या, "ते पण वाटच बघत होते हो." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या. ती बाईही रडली. एकमेकींचे नाव दोघींना अजून ठाऊक नव्हते.

आता दोन्हीकडच्या नोंदींत शेऱ्याचा रकाना आहे. अधिकाऱ्यांनी तो स्वतः करून घेतला, आणि त्या दिवशी राहिलेले सगळ्यांचे शेरे एकेक करून आणून भरले. आम्हा दोघांची नोंदही एक झाली. तिच्यावर "मेंढा, दोन भाग" असे लिहिले आहे. शेवटच्या रकान्यात काय लिहायचे, असे डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारले. काकू म्हणाल्या, "लिहा, दोन्ही भाग सापडले. बसत नाहीत. शेजारी ठेवले आहेत."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणाकुणाचे सांगणे इकडून तिकडे पोचवायचे काम तुमच्याही हाती येईल. तेव्हा ते पुरते पोचवा. आपल्याला बिनकामाचा वाटलेला एक रकाना गाळताना जरा थांबा आणि तो एकदा वाचून पाहा. वाचायला लागतो तो वेळ अगदी थोडा असतो. माझ्या काकांनी त्यात आपला पत्ता ठेवला होता.

मी आता काकूंच्या खिडकीत असतो. मला तेलाची बाटली लागत नाही, औषधाची लागत नाही. मागे माझाच मागचा भाग आहे, मी त्याला टेकून उभा असतो. मधे थोडी फट राहते. खिडकी पुसताना काकू कधी कधी मला उलटे करतात, माझ्या पोटावरच्या अर्ध्या खुणेत अंगठ्याचे नख ठेवून पाहतात, आणि मला पुन्हा जागेवर ठेवतात.